‘नुसता खोकला आहे’ असं ती म्हणते

पत्र : माझी बायको ४१ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी तिला सर्दी-ताप झाला. ताप दोन दिवसांत उतरला, सर्दीही गेली, खोकला मात्र राहिला. दिवसा फारसा नसतो, पण पहाटे तीन-चारच्या सुमारास ढास लागते आणि ती उठून बसते. माझी झोपमोड नको म्हणून हल्ली ती बाहेरच्या खोलीत झोपते. जिना चढताना मध्येच थांबून फोन बघते. मनापासून हसली की खोकत सुटते. डॉक्टरांनी दोनदा औषधं दिली, छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. तिचं म्हणणं, ‘नुसता खोकला आहे. वजन वाढलंय म्हणून दम लागतो. मला उगाच पेशंट करू नकोस.’ माझ्या सासूबाईंच्या बोलण्यात आलं की लहानपणी तिला बाळदमा होता, पण वयात आल्यावर गेला. हा दमाच आहे का, हे मी कसं ओळखू? माझ्या आईचा दम्याचा पंप घरात आहे. त्याचे दोन पफ देऊन पाहू का? ती डॉक्टरांकडे परत जायला तयार नाही, तिला कसं सांगू? आणि तिच्या नकळत मी तिचा रात्रीचा खोकला फोनवर रेकॉर्ड केला आहे. ते चुकलं का?

उत्तर : पंप देऊ नका. चार प्रश्नांतलं याचं उत्तर आधी देते, कारण हे छापून येईपर्यंत एखाद्या पहाटे तुम्ही तो कपाटातून काढलेलाही असेल, अशी मला भीती आहे.

आईचा पंप कोणता हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो लगेच आराम देणारा असेल, किंवा आतली सूज आटोक्यात ठेवण्यासाठी रोज घ्यायचा असेल. निव्वळ सूज कमी करणाऱ्या पंपाच्या दोन पफनी काहीच कळत नाही. त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे जातात. लगेच आराम देणारा असला तर श्वासनळ्या काही तास मोकळ्या होतात. आणि मग? तिला बरं वाटलं तर ती म्हणणार, ‘झालं की, आता डॉक्टर कशाला?’ नाही वाटलं तर तुम्ही म्हणणार, ‘म्हणजे दमा नाही.’ दोन्ही चूक. पहिल्यांदा पंप घेणाऱ्याचं औषध पुष्कळदा घशातच बसतं, छातीपर्यंत पोचतच नाही. उलट, विडी-सिगारेटने खराब झालेल्या फुप्फुसांनाही त्याच औषधाने थोडाफार आराम पडतो. शिवाय हात थरथरणं, छातीत धडधडणं हे त्या औषधाचे नेहमीचे परिणाम. एकदा तसं झालं की ‘पंप मला सोसत नाही’ हे तिच्या मनात पक्कं बसेल आणि पुढे खरोखर गरज पडली तर तो हातात घ्यायलाही ती तयार होणार नाही. जीव घाबरा होऊन दवाखान्याकडे धावायची वेळ आली तर गोष्ट वेगळी. तेव्हा फोनवर जे डॉक्टर सापडतील ते सांगतील तसं करा.

आता दम्याचं. तुमच्या पत्रावरून शंका घ्यायला भरपूर जागा आहे. तो आहेच, असं पत्रावरून मी काय, कुणीच सांगू शकणार नाही.

दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते आणि त्या चटकन चिडतात. निमित्त झालं की भोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो, हवेची वाट अरुंद होते. काही वेळाने, कधी आपोआप तर कधी औषधाने, ती पुन्हा मोकळी होते. या येण्याजाण्यावरूनच दमा ओळखायचा असतो आणि या येण्याजाण्यामुळेच तो हुकतो. निरोगी माणसाच्याही श्वासनळ्या पहाटे चारच्या आसपास थोड्या अरुंद असतात, दम्यात हा फरक खूपच वाढतो. डॉक्टर तिला तपासतात ते सकाळी अकरा वाजता. तेव्हा स्टेथोस्कोपला काही ऐकू येत नाही. एक्स-रे काढतात तो न्यूमोनिया, क्षय, गाठ असं दुसरं काही नाही ना हे पाहायला. निव्वळ दमा असेल तर तो बहुतेक वेळा स्वच्छच येतो. त्यामुळे डॉक्टरांवर रागावू नका. पहाटे साडेतीनला ते तिथे नव्हते, तुम्ही होता. तुमच्या हातात निदान नाही, पण डॉक्टरांना जे कधीच दिसणार नाही ते तुम्ही रोज बघताय, आणि दम्याच्या बाबतीत त्याला फार किंमत आहे.

सर्दी-तापानंतर खोकला रेंगाळणं तसं नेहमीचं. तो आठ आठवड्यांपर्यंतही राहू शकतो आणि आपोआप जातो. मोठ्या माणसाचा खोकला त्याहून जास्त टिकला तर तो जुनाट समजून कारण शोधायचं, अशी वैद्यकातली रीत आहे. तुमच्या घरी चार महिने झाले. म्हणजे वाट पाहण्याचा काळ कधीच उलटून गेलाय.

सासूबाई म्हणाल्या ते डॉक्टरांना जरूर सांगा. बाळदमा वयात येताना शांत होतो हे खरं, पण श्वासनळ्या चिडण्याची प्रवृत्ती पुष्कळांत राहून जाते. वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या विषाणूच्या सर्दीचं निमित्त होऊन तो परत डोकं वर काढू शकतो. (आणि लहानपणी कधीच काही नव्हतं, पण चाळिशीत पहिल्यांदा दमा झाला, असंही होतं. इतर वाचकांनी ‘आमच्याकडे तसं काही नव्हतं’ म्हणून निर्धास्त राहू नये.) सोबत हेही आठवून बघा : वर्षानुवर्षं सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ लागते का, नाक चोंदतं का, डोळे खाजतात का, कातडीवर इसब येऊन गेलंय का, तिच्या आईवडिलांत किंवा भावंडांत कुणाला दमा आहे का. यातलं काही असेल तर शंका बळावते.

तुम्हाला घरात शिट्टीसारखा आवाज ऐकू आला नसेल, आणि म्हणूनच तुमचं ‘दमाच आहे का’ हे अडखळणं असावं. दम्याचा तो सूं-सूं आवाज मुख्यतः श्वास सोडताना येतो, बारीक असतो, शांत खोलीत कान दिला तरच कळतो. काही जणांत तो येतच नाही. त्यांचा दमा म्हणजे फक्त कोरडा, हट्टी, रात्री वाढणारा खोकला. तेव्हा आवाजाची वाट बघत बसू नका. आवाज श्वास आत घेताना आणि गळ्यातून येतोय असं वाटलं, तर मात्र ते आवर्जून सांगा. ते दुखणं वेगळं असू शकतं.

तिने दिलेलं वजनाचं कारण अगदीच टाकाऊ नाही. वजन वाढलं की धाप लागते, आणि जास्त वजनाच्या माणसांत दम्याचं प्रमाणही जास्त आढळतं. पण दोन गोष्टी नीट बघा. वजनाने किंवा सवय मोडल्याने लागलेली धाप श्रम चालू असताना लागते आणि टेकलं की थोड्या मिनिटांत ओसरते. दम्यात पुष्कळदा उलटं होतं : जिना चढून झाला, भरभर चालणं संपलं, माणूस बसला, आणि पाच-दहा मिनिटांनी छाती आवळायला लागते, खोकला सुरू होतो, तो निवायला अर्धा तास किंवा जास्तही लागतो. दुसरं, वजन सोमवारी जेवढं असतं तेवढंच गुरुवारी असतं. तोच जिना सोमवारी सहज चढता आला आणि गुरुवारी दोनदा थांबावं लागलं, तर त्याचा दोष वजनाला देता येत नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात बोलकी ओळ मला फोनची वाटली. ती जिन्यात फोन बघायला थांबत नाही. थांबावं लागतं, म्हणून फोन बघते. दम लागतोय हे कुणाला, कदाचित स्वतःलाही, कळू नये यासाठी माणूस असे शंभर उपाय नकळत शोधतो. ओझं दुसऱ्याच्या हातात जातं. चालताना बोलणं बंद होतं. धूळ झटकायचं काम पुढे ढकललं जातं. मोठ्याने हसणं कमी होतं, गाणं गुणगुणणं थांबतं. हे सगळं इतकं हळू होतं की ‘तुला त्रास होतो का?’ असं विचारलं तर ती खरेपणाने ‘नाही’ म्हणेल, कारण त्रास होईल अशी प्रत्येक गोष्ट तिने आधीच सोडून दिलेली असते. म्हणून त्रासाबद्दल विचारू नका. गेल्या वर्षी ती काय करत होती आणि आता काय करत नाही, हे तुम्ही स्वतःशी आठवा. बरेच रुग्ण ‘श्वास’ हा शब्दच काढत नाहीत. थकवा म्हणतात, ‘छाती भरून आल्यासारखी’ म्हणतात, ‘पुरता श्वास बाहेर पडत नाही’ म्हणतात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली : ती काम काय करते? मोठ्या वयात सुरू झालेल्या दम्यात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पिठाची आणि लाकडाची धूळ, फवारून मारायच्या रंगांतली काही रसायनं, केस ब्लीच करायची पावडर, जंतुनाशक द्रावणं यांनी दमा सुरू होऊ शकतो. सुट्टीत, लांबच्या प्रवासात खोकला कमी आणि कामावर परत रुजू झाल्यावर दोन-चार दिवसांत जास्त, असं होतं का, ते बघा. तसंच ती घेत असलेली प्रत्येक गोळी कागदावर लिहा, अगदी डोळ्यांचे थेंबसुद्धा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिलने, दम्याशिवायच कोरडा खोकला लागतो आणि गोळी बदलल्यावर तो हळूहळू जातो. मायग्रेनसाठी देतात ते प्रोप्रानोलॉल आणि काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब दमा चिघळवू शकतात. अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनची दुखण्यावरची गोळी घेतल्यावर छाती आवळते का, हेही विचारा. काहींत ते घडतं, विशेषतः ज्यांच्या नाकात मांसाचे कोंब वाढलेले असतात त्यांच्यात. मात्र चालू असलेली कुठलीच गोळी तुमच्या मनाने बंद करू नका.

तुम्ही जे दम्याचं लक्षण धरून बसलाय, रात्री जाग येऊन उठून बसणं, ते एकट्या दम्याचं नाही. हृदय नीट काम करत नसेल तरी आडवं झाल्यावर श्वास कोंडतो आणि माणूस मध्यरात्री उठून बसतो. घोट्यांवर सूज, उशा वाढवत जावं लागणं, छातीवर दाब येऊन तो हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, असं काही असेल तर दम्याचा विचार बाजूला ठेवा आणि हृदयाची तपासणी आधी करा. छातीवरचा दाब त्याच क्षणी चालू असेल तर थेट दवाखाना. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घामाने कपडे भिजणं, थुंकीत रक्त असेल तर एक्स-रे स्वच्छ आला होता एवढ्यावर न थांबता थुंकीची तपासणी व्हायला हवी. आंबट ढेकर आणि घशाशी येणं असेल तर पोटातलं आम्ल वर येऊनही रात्रीचा खोकला होतो. नाकातला चिकट स्राव घशात उतरत राहिला तरी होतो. आणि यातली एक-दोन दुखणी दम्याच्या जोडीला एकत्र नांदतातही. घरबसल्या ओळखायचं नाही असं मी म्हणते ते यासाठी.

मग तुम्ही करायचं काय? एक कागद घ्या आणि दोन आठवडे लिहा : किती वाजता जाग आली, खोकला किती वेळ चालला, कशाने थांबला, आदल्या दिवशी काय विशेष झालं. धूर, अत्तराचा किंवा रंगाचा उग्र वास, थंड हवा, पाळीव प्राणी, सर्दी, दगदग, खूप हसणं, पाळी जवळ आलेली. जे असेल ते. टिप्पणी नको, निष्कर्ष नको. हा कागद लपवून लिहू नका.

आता रेकॉर्डिंग. आवाज टिपलात ते डॉक्टरांच्या उपयोगाचं आहे, आणि काळजीपोटी केलंत हे मला कळतं. पण तिच्या नकळत केलेलं डॉक्टरांसमोर पहिल्यांदा वाजवलंत, तर तिला तो पुरावा वाटेल आणि ती आरोपी. त्यापेक्षा दिवसाढवळ्या, दोघंच असताना सांगून टाका : ‘मी परवा रात्री हे रेकॉर्ड केलं, तुला न विचारता. मला राहवलं नाही. ऐकायचं असेल तर ऐक, नको असेल तर पुसून टाकतो.’ ती बहुधा ऐकेल. खोकणाऱ्याला स्वतःच्या खोकल्याचा अंदाज नसतो. अर्धवट झोपेतलं सकाळी अर्धंही आठवत नाही.

तिला सांगायचं कसं, हे त्याच बोलण्यात येतं. पहाटे चारला, ढास चालू असताना समजावू नका. आईसमोर तर मुळीच नको. तुमच्या घरात दमा आणि पंप या गोष्टी रोज डोळ्यांसमोर आहेत. आजार म्हणजे काय हे तिने तुमच्या आईकडे बघून ठरवलं असणार. पुढची वीस वर्षं तिला तिथे दिसत असतील तर ‘नुसता खोकला आहे’ म्हणण्यात हट्टापेक्षा भीतीच जास्त आहे. म्हणून आजाराचं नाव घेऊ नका, तपासणीचं घ्या. ‘तुला दमा आहे, चल’ याला ती नाही म्हणेल. ‘चार महिने झाले, एक श्वासाची चाचणी राहिली आहे, ती करून टाकू’ याला नाही म्हणणं अवघड आहे. पंपाची सवय लागते, एकदा घेतला की सुटत नाही, हा धाक ती बोलून दाखवेल. तेव्हा एवढं सांगा की पंपाची नशा नसते. औषध थेट श्वासनळ्यांत जात असल्याने मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी. आणि वेळेत उपचार सुरू झाले तर दम्याची बहुतेक माणसं नेहमीसारखी धावतात, हसतात, रात्रभर झोपतात.

तिला आधी आतल्या खोलीत परत बोलवा, हेही सांगायचं होतं. झोपमोड तुमची होईल, होऊ द्या. असा त्रास असणारं माणूस रात्री एकटं बंद खोलीत झोपणं मला बरं वाटत नाही.

कारण एखाद्या रात्री तो खोकल्यापुरता राहणार नाही, ही शक्यता धरून चालावं लागतं. एक वाक्य एका दमात पुरं करता येत नाही, स्वस्थ बसूनही मिनिटाला तीसहून जास्त श्वास, नाडी 120 च्या वर, मानेचे स्नायू ताणून श्वास घेणं, ओठ-नखं निळसर, गुंगी किंवा बरळणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. घरात ऑक्सिमीटर असेल आणि आकडा 90 च्या खाली असेल तर गंभीर; पण आकडा चांगला दिसतोय म्हणून बाकीच्या खुणांकडे काणाडोळा करू नका. सूं-सूं आवाज एकदम थांबला आणि तगमग तशीच राहिली तर ती सुधारणा नसते, हवा आत-बाहेर जाणंच कमी झालेलं असतं. तिला आडवं करू नका, पुढे किंचित झुकून बसवा, कपडे सैल करा आणि निघा.

एवढी वेळ येण्याआधी छातीच्या डॉक्टरांना गाठा आणि स्पायरोमेट्री करून घ्या. नळीत जोराने फुंकायचं, पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते ते यंत्र मोजतं. मग पंपाचं औषध देऊन थोड्या वेळाने पुन्हा फुंकायचं. दुसऱ्या खेपेला हवा 12 टक्के आणि 200 मिलिलिटरहून अधिक वाढली तर तो दम्याच्या बाजूने भक्कम पुरावा धरतात. हे ‘आधी आणि नंतर’ नीट कळावं म्हणूनही आईच्या पंपाला हात लावू नका म्हटलं. चाचणी चांगल्या दिवशी झाली तर निकाल सामान्य येऊ शकतो, आणि त्याने दमा नाही असं सिद्ध होत नाही. तेव्हा तिने ‘बघ, मी सांगत होते’ म्हटलं तरी तुम्ही डॉक्टरांना विचारा की पुढे काय. ते पीक फ्लो मीटर नावाची हातात मावणारी नळी देऊन सकाळ-संध्याकाळ फुंकायला सांगतील. दोन आठवड्यांत दिवसभरातला फरक सरासरी 10 टक्क्यांहून जास्त निघाला तर त्याला अर्थ आहे. किंवा श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजतील, किंवा श्वासनळ्या किती चटकन चिडतात याची वेगळी चाचणी लिहून देतील.

निदान दम्याचंच झालं आणि हातात फक्त त्रास झाला की घ्यायचा, लगेच आराम देणारा पंप आला, तर एक प्रश्न जरूर विचारा : ‘सूज कमी करणारं औषध नको का?’ नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर मोठ्यांचा दमा ठेवू नये, असं दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना 2019 पासून सांगतात.

डॉक्टरांकडे बोलू तिला द्या. तुमचा कागद तिच्या पर्समध्ये असू द्या, दिवसाचं सगळं तीच सांगेल. तुम्ही फक्त पहाटे तीन ते चारचं सांगा, आणि तिची हरकत नसेल तर ते रेकॉर्डिंग ऐकवा.